नमुन्याची चेन

४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

पोहोचले. सामानही पोहोचलं, फक्त तू दिलेली छत्री विमानात राहिली. मामीला सांगू नकोस, ती म्हणेल मी आधीच म्हटलं होतं. फोन करणार होते, पण कारखान्याच्या आवाजात तुला फोनवर फक्त 'हॅलो' ऐकू येतं आणि पुढचं तू आपल्या मनानं भरतोस. मागच्या खेपेला मी सांगितलं की परीक्षा पास झाले, आणि तू आईला जाऊन सांगितलंस की मला ताप आलाय. तेव्हा पत्रच बरं.

खोली लहान आहे. एक टेबल, एक पलंग, आणि भिंत इतकी पातळ की शेजारचे शिंकले की मी उशीवर दचकते. समोर कंगवे करणारा कारखाना आहे. त्याचा भोंगा ऐकला की तुझी आठवण येते, आणि मग उठावंच लागतं.

निघताना तू विचारलं होतंस की उद्योगखातं मला आठ महिने नेमकं कशाला पाठवतंय, आणि मी घाईत काहीतरी बोलले होते. आता नीट सांगते. तुझ्यासारख्यांचे कारखाने नवे होते तेव्हा सरकारनं त्यांना बोट धरून चालवलं. बाहेरून येणाऱ्या मालावर भारी कर लावला, म्हणजे आपल्या मालाला कुणी धक्का मारायला नको. इथल्या सरकारनंही तेच केलं होतं. पण इथले कारखाने चाळीस वर्षांत जगभर माल विकायला लागले, आणि आपले अजून बोट सोडायला तयार नाहीत. हे असं का झालं ते बघायचं आणि जूनअखेर खात्याला पहिला मसुदा पाठवायचा.

परवा एका निवृत्त अधिकाऱ्यांना भेटले. ऐंशीच्या घरातले, कानाला यंत्र, पण समोरच्याला बोलू देत नाहीत. मी विचारलं, तुम्ही वेगळं काय केलंत? म्हणाले, "कर लावायचा त्याच कागदावर तो कधी काढायचा ती तारीख आम्ही लिहायचो." मग चहा ओतून घेतला आणि म्हणाले, "आणि त्या तारखेला मंत्री आजारी पडणार नाहीत याची काळजी घ्यायचो." तुझं आणि त्यांचं छान जमलं असतं.

तुझी,
चौकशी


१९ फेब्रुवारी

चि. चौकशी,

सही बघून बरं वाटलं. एवढी अधिकारी झालीस, पण सहा वर्षांची असताना कारखान्यात येऊन "ही पिन कुठे जाते, ते चाक उलटं का फिरतं, मिस्त्रीकाकांना केस का नाहीत" असं विचारून सगळ्यांना भंडावून सोडणारी तूच ती. मिस्त्री अजून टोपी घालूनच तुझं नाव काढतो.

छत्रीचं मामीला कळलं. पत्र तिनंच आधी फोडलं.

तुझ्या म्हाताऱ्या साहेबांची तारखेची गोष्ट मी लाइनवर सगळ्यांना वाचून दाखवली. आता आमची ऐक आणि अहवालात घाल. सव्वीस वर्षांपूर्वी मी सायकलची चेन करायला घेतली तेव्हा सरकारनं परवाना दिला: वर्षाला साठ हजार चेन, एकही जास्त नाही. तिसऱ्या वर्षी आमच्या हातून दोन हजार जास्त झाल्या. बक्षीस मिळेल म्हणून वाट बघत होतो, नोटीस आली. जास्त काम केल्याबद्दल.

मग मंत्री बदलले आणि धोरण बदललं. आता म्हणे लहान तेच छान. पन्नासांवर माणसं असतील तर सवलती बंद. माझ्याकडे बहात्तर. कुणाला काढणार? मग शेडच्या मधोमध भिंत घातली. डावीकडे माझा कारखाना, उजवीकडे तुझ्या मामीचा. भिंतीला दार ठेवलं आणि दिवसभर सगळे त्यातून ये-जा करतात. तेव्हापासून मामी कारखानदारीण आहे, आणि मी तिच्या हद्दीत चपला घालून गेलो तर मला ऐकवते.

त्यानंतरचे मंत्री म्हणाले, निर्यात करा. चौदा पानांचा अर्ज आला. तो भरायला एक कारकून ठेवला. कारकुनाचं लग्न झालं, दोन मुलं झाली, निर्यात काही झाली नाही. एवढे आले-गेले, पण "तुमची चेन कशी आहे हो" असं एकानंही विचारलं नाही.

कर मात्र कुणी काढला नाही. माझं बाळ सव्वीस वर्षांचं झालं, दाढी आली, तरी सरकारनं बोट धरलेलंच आहे. मला त्यात काय वाईट वाटायचंय?

जेवण वेळेवर कर.

तुझा मामा

ता. क. मी मामी. छत्री सापडली का ते विमान कंपनीला विचार. आणि ह्यांचं सगळं खरं धरू नकोस, चपलांचं तेवढं खरं आहे.


११ मार्च

प्रिय मामा आणि प्रिय कारखानदारीणबाई,

छत्री गेली. विषय संपला.

तुझी भिंत मी अहवालात घेतली आहे, नाव न घेता. इथल्या लोकांना सांगितली तर आधी त्यांना वाटलं माझी भाषा चुकतेय.

काल एक गंमत बघितली. सरकारी तपासनीस बाईंबरोबर पंपांच्या कारखान्यात गेले होते. मालक नमुना घेऊन दारात उभा, कापडानं पुसून चकचकीत केलेला. बाईंनी तो हातातही घेतला नाही. सरळ आत गेल्या, बांधून ठेवलेल्या खोक्यांपुढे उभ्या राहिल्या, डोळे मिटले आणि हात घातला. जो पंप हाताला लागला तो तपासणीला. मालकाचा चेहरा बघण्यासारखा होता. मी विचारलं, डोळे का मिटता? म्हणाल्या, "उघडे ठेवले तर मला त्याची दया येते." तो पंप नापास झाला तर त्या मालकाला मिळणारं संरक्षण एक पायरी खाली येतं. बोट धरायचं, पण चालतोस की नाही ते दरवर्षी बघायचं. त्या बाईंवर मी तीन पानं लिहिली आहेत.

त्याआधी चार दिवस शेजारच्या देशात होते. तिथे उलट झालं. वर्षानुवर्षं सगळ्यावर कर, आणि मग एका नव्या सरकारनं एका आठवड्यात सगळे काढून टाकले. भिंतीवरच्या घड्याळांचं एक गाव होतं. एका बाईंनी मला त्यांची जुनी खोली दाखवली. दोनशे बायका बसून काटे बसवायच्या. टेबलं अजून आहेत, कोपरं टेकून टेकून लाकूड गुळगुळीत झालेलं. मी विचारलं, राग येतो का? म्हणाल्या, "बाहेरची घड्याळं चांगली होती, ते खरंच आहे. पण आम्हाला शिकायला दोन वर्षं दिली असती तर आम्हीही केली असती."

आता जे पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं ते लिहिते. खात्याची एक यादी आहे, कोणत्या मालावरचा कर ठेवायचा आणि कोणता काढायचा त्याची. तीत सायकलची चेन आहे, आणि ती माझ्याच वाट्याला आली आहे. मी लपवलं, कारण तू काळजी करशील असं वाटलं. इथल्या प्रयोगशाळेत चेन तपासून मिळते. तुझी एक चेन पाठव. कुणाचं ऐकून लिहिण्यापेक्षा आकडा बघून लिहीन.

तुझी,
चौकशी


२ एप्रिल

चि. चौकशी,

चेन पाठवली आहे. मी स्वतः बांधली.

यादीचं लपवलंस याचा राग नाही. काळजी मी तशीही करतोच, कारण मिळालं एवढंच.

तुझ्या डोळे मिटणाऱ्या बाई मला पसंत नाहीत. कारखानदाराच्या शब्दावर विश्वास नको? आमच्याकडे खातं दरवर्षी पत्र पाठवतं, "नमुना निवडून पाठवावा", आम्ही निवडतो, पाठवतो, प्रमाणपत्र येतं. एकवीस प्रमाणपत्रं आहेत माझ्याकडे, एकही नापास नाही. ती तुझ्या बाईंना दाखव.

घड्याळांचं मी कुणाला वाचून दाखवलं नाही. मिस्त्रीनं विचारलं, या वेळी काय लिहिलंय? मी म्हटलं, हवापाणी.

मामाचा आशीर्वाद


६ मे

माझ्या लाडक्या मामा,

बस आणि मगच वाच.

चेन ओढायच्या यंत्राला लावली. आठशे किलोला टिकली तर पास. आठशे झाले, नऊशे झाले, तिथला तंत्रज्ञ चहा पीत होता तो उठून उभा राहिला. हजार चाळीसला तुटली. मग दुसरा तुकडा धूळ घालून शंभर तास चाकावर फिरवला, लांबला किती ते मोजलं. जवळजवळ नाहीच. तंत्रज्ञ मला म्हणाला, "ही चेन आमच्या देशातल्या पहिल्या दोनांत बसेल. तुमच्या या कारखान्याला कर कशाला हवा?" मी मान ताठ करून उभी होते. परक्या देशात, परक्या लोकांत, माझ्या मामाची चेन. डोळ्यांत पाणी आलं, सांगायला लाज वाटत नाही.

मामा, तुला कळतंय ना? तुझं बाळ कधीच मोठं झालंय. तुम्ही सव्वीस वर्षं खाली मान घालून काम केलंत आणि कुणी बघितलंच नाही. मी मसुद्यात स्पष्ट लिहिलं आहे: चेनचा धंदा स्वतःच्या पायावर उभा आहे, कर ताबडतोब काढावा. अशा चेनला घाबरायचं काय कारण? उलट बाहेर विकायला लाग. तो चौदा पानांचा अर्ज मी स्वतः भरून देईन.

एक बारीकशी टोचणी आहे. तू माझा मामा आहेस हे मी वरिष्ठांना अजून सांगितलेलं नाही. सांगायला हवं. पण आता सांगायला संकोच नाही, आकडाच बोलतो.

मसुदा ३० जूनला जाईल. मिस्त्रीकाकांना माझ्यातर्फे शाबासकी दे, टोपीवरूनच.

तुझी,
चौकशी


२४ मे

चि. चौकशी,

पत्र मिळालं. आनंद झाला.

पण कर लगेच काढायचं एवढं काय अडलंय? एका चेनवरून काय ठरतं. अजून विचार कर. अहवाल हे काही पळून जाणारं वासरू नव्हे.

इकडे उकडतंय. सगळं ठीक.

मामा


८ जून

प्रिय मामा,

सहा ओळी. तू वाणसामानाची यादीसुद्धा याहून लांब लिहितोस.

मी आधी म्हटलं, लाजतोय, कौतुक सोसत नाही. मग पुन्हा वाचलं आणि मला वाटलं ते लिहूनच टाकते, रागावू नकोस. मामा, तुला कर हवाय का? गरज नसताना हवाय का? इथे मी असे मालक बघितले, उत्तम माल करणारे, पण बाहेरचा माल अडवला की भाव आपल्या हातात राहतो म्हणून मंत्र्यांच्या दारात बसणारे. तू तसा नाहीस असं मी स्वतःला तीन दिवस समजावते आहे. लोक वाईट चेन महाग घेतात ती तुझ्यामुळे नाही, दुसऱ्या कारखान्यांमुळे, असं मी मसुद्यात लिहिलं आहे. ते खरं आहे ना?

मसुद्यात बदल करायचा तर मला कारण हवं. मामा म्हणतो, हे कारण खात्याला चालत नाही.

चौकशी


१७ जून

प्रिय बाळ,

मी मामी लिहितेय. ह्यांना माहीत नाही, समजा कळलं तरी हरकत नाही.

तुझं पत्र आल्यापासून घरात कुणी मेल्यासारखं चाललंय. हे पानावर बसतात आणि उठतात. काल कारखान्यात मिस्त्रीवर ओरडले. वीस वर्षांत कधी ओरडले नव्हते. मिस्त्री माझ्या बाजूला येऊन खोक्यावर बसला आणि म्हणाला, वहिनी, मला विचारलं असतं तर मी तेव्हाच म्हटलं असतं की पोरीला ती पाठवू नका.

काय ते मला ठाऊक आहे, पण ते सांगायचं काम माझं नाही. मी ह्यांना सकाळी एवढंच म्हटलं: तुम्ही तिला सायकल शिकवलीत तेव्हा मागून धरलंय असं सांगून सोडून दिली होतीत. ती पडली आणि आठ दिवस तुमच्याशी बोलली नाही. पडल्याचा राग नव्हता तिला, खोटं बोलल्याचा होता. आता ती तीस वर्षांची आहे, आठ दिवसांत भागणार नाही.

हे तेव्हापासून टेबलाशी बसलेत. चार कागद फाडले. थोडी कळ काढ.

तुझी मामी


१९ जून

चि. चौकशी,

ती चेन माझी नव्हती.

तू "पाठव" लिहिलेलं मिळालं त्या दिवशी मी लाइनवरून एक उचलली होती. खोकं बांधलं, पत्ताही लिहिला. मग वाटलं, ही तिथे सगळ्यांसमोर तुटेल आणि माझ्या भाचीची मान खाली जाईल. मग कपाटातली काढली. कपाटात एक पेटी आहे. तीत बाहेरच्या देशाच्या चेन आहेत, त्यांचा शिक्का घासून काढलेला आणि आमचा ठोकलेला. एकवीस वर्षांपूर्वी नमुन्याचं पत्र आलं तेव्हा आमची भट्टी बंद पडली होती. मिस्त्री म्हणाला, एवढ्या वेळेपुरती बाहेरची पाठवू. प्रमाणपत्र आलं. पुढच्या वर्षी भट्टी चालू होती, पण आमची चेन पास होईल की नाही याची खात्री नव्हती, आणि बाहेरची पास होणार हे माहीत होतं. मग तोच रिवाज पडला. ती एकवीस प्रमाणपत्रं दुसऱ्याच कुणाची तरी आहेत.

आमची चेन सव्वासातशे किलोला तुटते. मला आकडा ठाऊक आहे, कारण दरवर्षी मी आणि मिस्त्री दार लावून एक ओढून बघतो आणि तुकडे भंगारात टाकून दार उघडतो. झाकली मूठ. दोष पिनांच्या पाण्यात आहे, म्हणजे तापवून-बुडवून त्या कडक करण्यात. जुन्या भट्टीत अर्ध्या पिना जास्त तापतात, अर्ध्या कमी, तेलात बुडवल्यावर काही कडक होतात, काही मऊच राहतात. लांब भट्टी हवी, तीस फुटांची, जीत पिना पट्ट्यावरून सरकत एकसारख्या तापतात. ती भिंतीमुळे शेडमध्ये बसत नाही. म्हणजे असं मी लोकांना सांगतो. खरं सांगू? भिंत पाडता आली असती. पण सगळा माल विकला जात होता. दुकानदाराला दुसरीकडून आणताच येत नाही, तर तो जाणार कुठे. मी आळशी झालो, चौकशी. सरकारनं मला आळशी केलं असंही म्हणता येईल, पण तिथल्या सरकारनं त्या पंपवाल्याला डोळे मिटून धाकात ठेवलं आणि मला कुणी ठेवलं नाही, ही काही सांगायची सबब नव्हे. माझी चेन उतरली म्हणून रस्त्यात पडलेला कुणीतरी असेलच.

तू विचारलंस, वाईट चेन महाग घ्यावी लागते ती दुसऱ्यांमुळे ना? माझ्यामुळे.

तू लिहिलंस तसा कर ताबडतोब निघाला तर सहा महिन्यांत कुलूप लागेल. बहात्तर माणसं आहेत, त्यातली चाळीस तुला नावानं ओळखतात. म्हणून लिहितोय असं तुला वाटेल, आणि ते थोडं खरंही आहे. पण मी गप्प बसलो तर तुझ्या सहीनं खोटं जाईल आणि तुला कळणारही नाही, ते मला सहन होईना. मला वाचव असं म्हणत नाही. जे खरं ते लिही. मिस्त्रीचं नाव घालू नकोस, पेटी माझ्या कपाटात आहे.

रागावशील. आठ दिवसांपेक्षा जास्त रागावलीस तरी माझं काही म्हणणं नाही.

मामा


७ जुलै

मामा,

आठ दिवस उलटून गेले, अजून राग आहे. तो असू दे.

तुझं पत्र २८ जूनला आलं. मी दार लावून रडले. शेजाऱ्यांना ऐकू गेलं असणार, कारण संध्याकाळी त्यांनी दारावर एक फळ ठेवलं होतं. मला सगळ्यात जास्त काय लागलं ते सांगते. ती चेन हजार चाळीसला तुटली तेव्हा मला जगातला सगळ्यात मोठा आनंद झाला होता, आणि तो तू मला उसना आणून दिला होतास. मला तुझी सव्वासातशेची चाललीच असती रे. मला तुझीच हवी होती.

मग दुसऱ्या दिवशी डोकं जागेवर आलं आणि माझी चूक दिसली. डोळे मिटून खोक्यात हात घालणाऱ्या बाईंवर मी तीन पानं लिहिली, खात्यानं हे शिकावं म्हणून. आणि त्याच हातानं मामाला लिहिलं, एक पाठव. म्हणजे "नमुना निवडून पाठवावा". खातं एकवीस वर्षं जे करतंय तेच मी एका ओळीत केलं. वर मामा आहे हे वरिष्ठांपासून लपवलं. तुला शिव्या देता देता मला कळलं की आपण दोघं एकाच घरचे आहोत.

मसुदा जायच्या आधीच वरिष्ठांना फोन केला आणि सगळं सांगितलं. तू माझा मामा, नमुना तू निवडलेला, आणि तो कुणाचा होता ते. मग लेखी समज मिळाली, ती माझ्या कागदपत्रांत कायम राहील. चेनचं प्रकरण माझ्याकडून काढून एका सहकाऱ्याकडे दिलं. जाड चष्म्याचे आहेत, माणूस सरळ आहे. त्यांना मी तुझं पत्र दिलं नाही, पण पेटीचं सांगितलं. मिस्त्रीकाकांचं नाव कुठे नाही. पुढे काय होईल ते माझ्या हातात नाही, आणि मी त्यांना एका शब्दानंही विचारणार नाही. तूही मला विचारू नकोस.

तू आळशी झालास असं लिहिलंस. एवढ्या वर्षांत मी वाचलेल्या सगळ्या अहवालांत एकाही कारखानदारानं हे वाक्य लिहिलेलं नाही. 

राग आहे. तुझी आठवणही येते. दोन्ही एकदमच.

चौकशी


१५ नोव्हेंबर

प्रिय मामा,

परत आले तेव्हा स्टेशनवर तू घ्यायला आला होतास, आणि दोघंही सामानाबद्दलच बोललो. मामी वैतागली होती. म्हणून राजधानीत कामावर रुजू झाल्यावर पुन्हा पत्र.

काल निर्णय जाहीर झाला, तुला खात्याचं पत्र येईलच. जुन्या नमुन्यांच्या प्रकरणी तुझी प्रमाणपत्रं रद्द, आणि तुझ्या मालाला दोन वर्षं सरकारी खरेदी बंद. कर मात्र लगेच निघत नाही, कुणाचाच. चार वर्षांत पायरी-पायरीनं उतरेल आणि पाचव्या वर्षी राहणार नाही. तारीख त्याच कागदावर लिहिली आहे. माणसं किती आहेत यावर आता काही अवलंबून नाही. दरवर्षी खात्याचा माणूस न सांगता येईल आणि बांधलेल्या खोक्यांतून चार चेन स्वतः उचलेल. चारही आठशेला टिकल्या तर ठीक, एक जरी खाली तुटली तरी त्या कारखान्याच्या मापाच्या चेनवरच्या कराची पुढची पायरी एक वर्ष आधी. सवलत देताना अशी अट आपल्याकडे पहिल्यांदाच लागली आहे. चेनवाल्यांच्या नशिबी पहिला मान.

हे माझ्या सहकाऱ्यांनी ठरवलं. मी बैठकीत नव्हते, बाहेर जिन्यात बसले होते.

राग गेला. कधी गेला ते लक्षात आलं नाही.

तुझी,
चौकशी


२२ फेब्रुवारी

माझी चौकशी,

तुला सहकाऱ्यांकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लगेच लिहितोय.

भिंत डिसेंबरात पाडली. मामीनं पहिला घाव घातला, म्हणाली माझा कारखाना आहे, मीच मोडणार. लांब भट्टी जानेवारीत बसली, जुनी आहे, दुसऱ्यांनी वापरलेली. पहिले पंधरा दिवस तिनं आमचा जीव खाल्ला. एका टोकाला पिना काळ्या, दुसऱ्या टोकाला कच्च्या. मिस्त्री डबा घेऊन तिच्यापाशीच बसायचा. अकरा माणसं सोडून गेली, त्यांना दुसरीकडे काम मिळालं, मी अडवलं नाही. बाकीच्यांना मी सगळं सांगितलं, पेटीसकट. एकजण म्हणाला, साहेब, आम्हाला कधीचं माहीत होतं.

आज तुझे चष्मेवाले सहकारी आले, न सांगता, सकाळी साडेनऊला. चहाला नाही म्हणाले. खोक्यांपुढे उभे राहिले, चष्मा काढून खिशात ठेवला आणि हात घातला. त्यांना चष्म्याशिवाय काही दिसत नाही, तेव्हा डोळे मिटायची गरजच नव्हती. चार चेन घेतल्या आणि आमच्याच यंत्रावर सगळ्यांसमोर ओढल्या. बाकीची यंत्रं थांबवून सगळे भोवती जमले होते. पहिली आठशे पंचेचाळीस. दुसरी आठशे साठ. मिस्त्रीनं टोपी काढली. तिसरी आठशे बावीस. चौथी सातशे अठ्ठ्याऐंशीला तुटली.

साहेबांनी चष्मा लावला, तुटलेली पिन बोटात धरून बघितली. भला माणूस आहे. म्हणाले, "भट्टी नवी आहे, ही सुरुवातीच्या दिवसांतली दिसते. हवी तर हिच्याऐवजी दुसरी उचलतो." सगळे माझ्याकडे बघत होते. एकसष्ट माणसं, आणि मामी. बारा किलोंचा तर प्रश्न. दुसरी उचलली असती तर बहुतेक पासही झाली असती.

मी म्हटलं, नको, हीच लिहा.

त्यांनी लिहिलं. म्हणजे आमची पुढची पायरी एक वर्ष आधी येणार, यंदाच. बाहेरचा माल आठ महिन्यांत आमच्या शेजारी दुकानात लागेल. आम्ही टिकू की नाही मला माहीत नाही. खरं सांगतो, भीती वाटते आहे. या वयात एवढी भीती वाटेल असं वाटलं नव्हतं. साहेब गेल्यावर मिस्त्री भट्टीकडे गेला आणि बाकीचेही आपापल्या जागी गेले. मामीनं फक्त हातावर हात ठेवला.

सातशे अठ्ठ्याऐंशी. तुझ्या त्या तंत्रज्ञाला कळवायचं असेल तर कळव. हा आकडा माझा आहे.

तुला गेल्या वर्षभरात इतकी पत्रं लिहिली, प्रत्येक वेळी काय लिहायचं नाही याचाच आधी विचार करायचो. आज बसलो आणि लिहीत गेलो. एकही ओळ खोडावी लागली नाही.

तुझा मामा